कबनूरच्या निळ्या गाठी

कोल्हापूरला जाऊन आले म्हटल्यावर आमच्या वाडीत पहिला प्रश्न आला, "चपला आणल्यास?" दुसरा आला तांबड्या रश्शाचा. देवीचं दर्शन झालं का, हे तिसरीनं विचारलं, तेसुद्धा जाता जाता. मी तिघींना सांगितलं, चपला आणल्या नाहीत, रस्सा दोनदा खाल्ला नि दोन्ही वेळा नाकाडोळ्यांतून पाणी काढलं, दर्शन कळसाचं घेतलं. "मग इतके दिवस केलंस काय?" तर सुताला मारलेल्या गाठी बघत बसले होते. असं सांगितलं की माणसं माझ्याकडे ज्या नजरेनं बघतात, ती नजर आता मला पाठ झाली आहे. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं. प्रत्येकीला ओटीवर बसवून सांगायला नको.

माझी भाची मेधा, धाकट्या बहिणीची मुलगी, कबनूरला असते. कबनूर म्हणजे इचलकरंजीला चिकटलेलं गाव. कुठे एक संपतं नि दुसरं सुरू होतं ते तिथल्याच माणसांना ठाऊक. दोन्हीकडे घरोघर, गल्लोगल्ली यंत्रमाग. मेधा एका संस्थेत काम करते. मुलं कोणकोणती कामं करतात, का करतात, ती कमी कशी करता येतील, याचा अभ्यास. मला वाटायचं, बरोबर कागद घेऊन घरोघर फिरत असेल नि विचारत असेल, मूल किती वर्षांचं, काम करतं का, हो की नाही. तसं मी फोनवर म्हटलंही. तर म्हणाली, "मावशी, मी विचारतच नाही गं काही. मुलंच शोधतात, मुलंच मांडतात. मी नुसतं सूत पुरवते. तू ये नि बघ."

मला 'ये नि बघ' एवढं पुरतं. पिशवी भरली.

घाट चढून

देवरूखहून सकाळची एसटी धरली. साखरपा सोडून आंबा घाट चढेपर्यंत सगळं आपलंच. तांबडी माती, कातळ, मोहरलेल्या काजू. माथा ओलांडला की माती हळूहळू काळी होत जाते नि ऊस लागतो. ऊस म्हणजे किती, तर डोळ्याला दुसरं काही बघायलाच मिळेना. उसानं भरलेल्या ट्रॉल्या रस्ताभर, नि ट्रॅक्टरवर कर्णे लावून गाणी अशी, की आपल्याकडे वरातीलाही कुणी लावणार नाही.

मलकापूरला एक बाई चढली. माझ्या शेजारी बसली नि न विचारता आपली पिशवी माझ्या मांडीवर ठेवून पदर नीट केला. मग म्हणाली, "पावणं कुठलं म्हनायचं?"

"देवरूखकडची."

"कोकनातलं व्हय! मग मासं आनलासा का?"

आपल्याकडे अनोळखी माणसाशी बोलायचं तर आधी हवा, मग एसटीची वेळ, मग गाव, असं वळसा घालून जातो आपण. इथे सरळ पिशवीत हात. मला राग येईल असं वाटलं होतं, आलं हसू. तिनं उतरताना मला दोन पेरू दिले आणि मी मासे आणले नाहीत याबद्दल पुन्हा एकदा नाराजी सांगितली.

कोल्हापुरात मेधा न्यायला आली होती. घरी जाण्याआधी तिनं मला दूधकट्ट्यावर नेलं. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या, गवळी आपल्यासमोर धार काढतो, नि तो फेसाळ पेला तसाच तोंडाला लावायचा. आमच्याकडे दूध म्हणजे चहात ढग येण्यापुरतं. मी पेला घेतला नि सवयीनं फुंकर मारली. गवळी म्हणाला, "आजी, फुकताय कशाला? म्हशीनंच बेतानं तापवून दिलंय की!" रांगेतली सगळी माणसं हसली. मी पण हसले, त्यात अर्धा पेला लुगड्यावर. दुसरा अर्धा मात्र असा लागला की सांगता येत नाही.

पुढे शिरोली एमआयडीसीतले कारखाने मागे टाकत, दिवेलागणीच्या आत आम्ही कबनूरला पोचलो.

खडखडाट

उतरल्यावर मला वाटलं, शंभर बायका एकदम मुसळं घेऊन कांडायला बसल्या आहेत. ते माग. दारं उघडी, आत माग हलताहेत, जमीन हलते आहे, तुमचे दातसुद्धा हलतात. पहिला दिवस मी "काय? काय?" करण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी दुपारी डुलकी लागली होती, तेवढ्यात वीज गेली. खडखडाट थांबला, तर मी नि शेजारची तान्ही, दोघी दचकून जाग्या झालो. इथली माणसं मोठ्यानं बोलतात म्हणून बाहेरची लोकं नावं ठेवतात. त्यांनी इथे एक दिवस काढावा. मी तिसऱ्या दिवशी मिरची मागितली तीसुद्धा ओरडून.

मेधाच्या खोलीला लागून सुरेखाचं घर. पुढची खोली, मागे चूल-गॅस, भिंतीवर बुद्धाची तसबीर नि तिच्याखाली मुलीनं शाळेत मिळवलेली दोन बक्षिसं. पोचल्या पोचल्या सुरेखानं बोलावणं धाडलं.

"या की वो आजी. मी आत्ताच जेवलो. तुमी बसा, वाढतो."

मी मागे वळून बघितलं, घरातला कोण पुरुष बोलला म्हणून. मेधा हसून लोळायची बाकी. इथल्या बायका 'मी जेवलो, मी आलो, मी गेलतो' असंच बोलतात. ऐकायला असं रुबाबदार वाटतं, मी निघेपर्यंत 'मी आलो' म्हणून बघायची खटपट करत होते. जमलं नाही. बोलण्यात नुसता शब्द असून भागत नाही, कंबरेवर हातही तसा ठेवावा लागतो.

ज्वारीची भाकरी, झुणका, नि ठेचलेल्या मिरचीचा खर्डा. वाढत होती तिची मुलगी अंकिता, आठवीतली. सडपातळ, चालते अशी की पायाखाली जमीन तापलेली असावी.

सुरेखाचं काम समोरच्या कारखान्यात, कांड्या भरायचं. कापडात आडवा जाणारा धागा एका नळीवर गुंडाळलेला असतो, ती कांडी. कांडी संपली की दुसरी भरलेली हाताशी हवी, नाहीतर माग उभा राहतो. माग उभा राहिला की मालक उभा राहतो, असं सुरेखा म्हणाली. नवरा रात्रपाळीला मागावर. घर दोघांच्या हातावर चाललेलं.

"आणि अंकिता? नववीला कुठली शाळा?" मी आपलं विचारलं.

सुरेखा सरळ म्हणाली, "आठवी झाली की बास. हितली शाळा आठवीपर्यंतच हाय. नववीची मेन रोडच्या पल्याड. आत्ता कसं, माझं काय आडलं तर पोरगी घरी ऱ्हाती, न्हायतर मदल्या सुट्टीत पळत येती, कांड्या भरून परत जाती. तितनं कशी येनार? आनि तितं लई दांड्या चालत न्हाईत. उगं नाव काढून टाकत्याल, त्यापेक्षा आपनच बंद केलेलं बरं."

अंकितानं माझ्या ताटात भाकरी ठेवली. ठेवली म्हणजे आपटली. आईकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. त्या घासानंतर कबनूरमध्ये मला बघायचं होतं ते एवढंच, ही मुलगी जूनमध्ये कुठे जाते.

सूत

मेधाची मुलं संध्याकाळी समाजमंदिरात जमायची. दहा ते चौदा वयाची, बऱ्याचशा मुली. मी दारातून आत पाऊल टाकलं नि बघते तर एका भिंतीवर बाकाएवढी लांब काठी बांधलेली, तिच्यावरून सुताचे धागे सोडलेले, शेजारी शेजारी. प्रत्येक मुलाचा एक धागा. कारखान्यातलं टाकाऊ सूत, दुसरं काय. धाग्यावर बोटाएवढ्या अंतरावर शाईचे ठिपके. एक ठिपका म्हणजे शाळेचा एक दिवस. शाळेत गेलं तर तो ठिपका मोकळा. नाही गेलं तर तिथे दुसऱ्या रंगाच्या सुताची गाठ.

रंग मुलांनीच ठरवले होते. आजारी पडलं तर लाल. लग्न, जत्रा, पाहुणे, पिवळा. धाकट्या भावंडाला सांभाळायचं होतं, हिरवा. आईच्या जागी कांड्या भरायला बसावं लागलं, तर निळा. कुठल्या कारणाला गाठ मारायची यावरून म्हणे भांडणं झाली होती. माझ्यादेखतही झालं एक. सोहेल नावाचा एक वात्रट, त्याला क्रिकेटसाठी वेगळा रंग हवा होता.

"क्रिकेट काय काम हाय व्हय रं?" अंकितानं विचारलं.

"विकेटकीपरला बसायला तरी मिळतंय का? तू करून बघ."

मेधा मध्ये पडली नाही. मुलांनी हात वर केले नि ठरवलं, क्रिकेटची दांडी पिवळ्यात, जत्रेबरोबर. सोहेलनं तोंड वाकडं केलं, पण स्वतःच्या धाग्याला स्वतःच्या हातानं पिवळी गाठ मारली. खोटं सांगून मोकळा ठिपका ठेवता आला असता की त्याला! नियम एकच होता नि तोही मुलांचाच, दुसऱ्याच्या सुताला हात लावायचा नाही.

मेधाला मी घरी जाताना विचारलं, "अगं, तू नुसती बसतेस. तुझा अभ्यास कुठे आहे यात?"

"हाच. आपण विचारलं, मुलगी काम करते का, तर आई म्हणणार, 'नाही'. तिला भीती वाटते. मुलगी म्हणणार, 'नाही'. तिला आईची लाज राखायची असते. मी निघून जाणार नि कागदावर सगळं छान. इथे ज्याचं त्यानं शोधलेलं आहे, ज्याचं त्याला दिसणार आहे. आणि दिसलं की पुढचं तीच माणसं करतील. मी करून टिकायचं नाही गं ते."

त्या आठवड्याअखेर मुलं हे धागे आयांना दाखवणार होती. माग बंद असतात त्या सुट्टीच्या दिवशी, म्हणजे बायका येऊ शकतात आणि ऐकूही येतं.

आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी समाजमंदिरात काठी नीट करायला गेलो, तर अंकिता एकटीच तिथे. तिचा धागा तिनं काठीवरून सोडवला होता नि मुठीत धरला होता.

"माझा नगं लावायला," ती म्हणाली. "आईचं काम जाईल. मालकाला कळलं पोरीला बसिवती म्हनून, तर तो आईलाच घालवनार. आनि सगळ्या बायका आईकडंच बघनार."

झालं, माझ्या अंगात वडीलपण आलं. मी म्हटलं, अगं बाळ, खरं लपवून कसं चालेल, आण इकडे, मी बांधते. नि धागा घ्यायला हात पुढे केला. मेधानं माझा हात धरला. चांगला घट्ट धरला. "मावशी, दुसऱ्याच्या सुताला हात लावायचा नाही." साठी उलटलेल्या बाईला भाचीनं असं सांगावं, माझे कान तापले. पण ती बरोबर होती, हे मला समाजमंदिराच्या पायऱ्या उतरायच्या आतच कळलं. अंकिताला मात्र ती एवढंच म्हणाली, "तुझा आहे. तू ठरव. इतरांना विचारायचं असेल तर विचार."

अंकितानं विचारलं. सगळी पोरं पायरीवर गोळा झाली नि बरीच खुसफूस झाली. सोहेलचं म्हणणं पडलं, सगळ्यांचीच नावं काढून टाकायची. काठीवर नुसते धागे. "कुनाचं कंचं, ते आपल्यालाच म्हाईत." नावाच्या चिठ्ठ्या निघाल्या. मुलींचे धागे एकीकडे, मुलग्यांचे एकीकडे, नि त्यातल्या त्यात मागेपुढे केले. सगळ्यात शेवटी अंकितानं आपला धागा मुलींच्या धाग्यांत मधोमध कुठेतरी अडकवला.

आडवी रेघ

बायका आल्या. कुणी भाजी निवडायला घेऊन, कुणी मूल कडेवर. पुढे बसल्या गिरिजाक्का, गल्लीतल्या सगळ्यांत वडील. त्यांच्या माहेराकडे कानडी, म्हणून सगळ्यांच्या अक्का. त्यांच्या घरचे स्वतःचे दोन माग. आवाज असा, की माग चालू असताना पलीकडच्या गल्लीत निरोप द्यावा.

मुलांनी रंग समजावून सांगितले, मुलींचे धागे कुठल्या बाजूला तेही. मग बाजूला झाली. काठीवरचे धागे सरळ लोंबत होते आणि कुणी काही सांगायची गरजच राहिली नाही. मुलग्यांच्या धाग्यांवर इकडे तिकडे लाल, पिवळं काहीबाही. मुलींच्या धाग्यांवर निळ्या गाठी, आणि त्या निळ्या गाठी एका ओळीत. वरून थोडं खाली आलं की एक ओळ, आणखी थोडं खाली की पुन्हा एक, पुन्हा एक. सगळ्या मुलींच्या धाग्यांतून सरळ आडवी निळी रेघ.

ज्या बायका जन्मभर सूत बघत आल्या, त्यांना ते वाचायला काय लागतं! भाजी निवडायचे हात थांबले.

गिरिजाक्का उठल्या. काठीजवळ गेल्या, कापड तपासतात तशी मान तिरकी केली. "हे बघा गं, कापडात असा आडवा पट्टा सारखा सारखा आला, तर माल परत येतो. मग आमी सुताला दोष देत न्हाई. माग नीट करनाऱ्या जॉबरला हाक मारतो, म्हनतो, बाबा, तुझ्या मागात कायतरी बिघाड हाय." त्या वळल्या. "ह्यो बिघाड कशाचा हाय? दर चार-पाच दिसानं काय होतंय गल्लीत?"

मग मागून एक लहानगी म्हणाली, "पानी येतंय की."

पाणी! इथे नळाला रोज पाणी नसतं, चार-पाच दिवसांनी एकदा येतं. या गल्लीची पाळी सकाळी दहाच्या सुमाराची. पाणी आलं की बाईला कांड्या सोडून घरी धावावं लागतं. घरचं भरून ठेवलं नाही तर पुढचे दिवस काय करायचं? आणि माग तर थांबायचा नाही. मग कांडीच्या यंत्रावर कोण? मुलगी. त्या दिवशी शाळा नाही. मुलगे नाहीत, कारण मुलग्याला कांड्या भरायला कुणी शिकवतच नाही.

तेवढ्यात सुरेखा उठली. सरळ काठीकडे गेली नि मधोमधचा एक धागा दोन बोटांत धरला.

"ही माझी पोरगी." बायका बघायला लागल्या. "नाव नगं मला. ही गाठ मी शिकिवलिया. अशी बारीक गाठ गल्लीत दुसरं कोन मारत न्हाय."

अंकिता दाराशी उभी होती, तिनं भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, आता आई चिडणार. चिडलीच, पण मुलीवर नाही.

"मी काय हौसेनं बसिवतो व्हय तिला? माझ्या पोरीच्या सुताला एवढं निळं! मला वाटत हुतं, कवातरी एखांदा दिस ऱ्हाती घरी." बोलता बोलता तिचा आवाज चढला. "पन पानी मी आनतो का दहाला? सांगा की! मागाचा बिघाड जॉबरला सांगायचा. ह्यो कुनाला सांगायचा?"

सोहेल म्हणाला, "चावीवाल्या मामाला!"

बायका हसल्या. मग हसायच्या थांबल्या, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

मागची गल्ली

चावीवाले मामा म्हणजे गल्लोगल्लीचं पाणी सोडणारा माणूस. सायकलीला लांब लोखंडी चावी बांधलेली, टोपी मागे सरकवलेली. मुलांनी त्यांना वाटेत गाठून समाजमंदिरात आणलं. मामांनी धागे बघितले, मिशीला पीळ दिला नि म्हणाले, "मला काय दाखवताय? मी काय पानी पितो व्हय सगळं?"

पण बसले. चहा आला, मग बोलले. दोन गल्ल्या एकदम सोडल्या तर दाब मिळत नाही. मागच्या गल्लीची पाळी संध्याकाळची. "त्यांनी कबूल केलं, तर अदलाबदल हुईल. पन साहेबाला इचारायचं तुमी. आनि मागच्या गल्लीत भांडनं झाली तर माजं नाव घ्यायचं न्हाय."

गिरिजाक्कांना वाटलं, आता आपण चार बायका मागच्या गल्लीत जाऊन सांगून येऊ. मुलं म्हणाली, नाही, आम्ही विचारणार. आणि अंकितानं एक गोष्ट काढली, ती माझ्या डोक्यात तरी आली नव्हती.

"आपलं सकाळचं पानी तिकडं गेलं, आनि तिकडच्या पोरींच्या सुतावर निळ्या गाठी पडल्या, तर?"

मेधाचा चेहरा असा झाला, जसा आमच्याकडे गणपतीत आरास पुरी झाल्यावर होतो. मुलं आधी तेच विचारायला गेली. मी मागोमाग. या वेळी तोंडाला कुलूप घालून.

मागच्या गल्लीत बहुतेक खोल्या परमुलखातून मागावर आलेल्या गड्यांच्या. चार-पाच जण एका खोलीत. रात्रपाळी करून सकाळी येतात, झोपतात. आम्ही गेलो तेव्हा एक जण लुंगी गुंडाळून दारात दात घासत होता, दुसरा घागर, बादली, पातेलं, जे मिळेल ते रांगेत मांडत होता. पाळीला जायची घाई, नि त्यातच पाणी यायची वेळ. मुलांनी विचारलं, सकाळी पाणी आलं तर चालेल का? त्या दात घासणाऱ्यानं चूळ टाकली नि म्हणाला, "अरे, हमको तो सुबह ही चाहिए! नहा के सोएंगे. इतने दिन किसी ने पूछा ही नहीं."

एकच कुटुंब होतं त्या गल्लीत. ती बाई दार अर्धं लावून उभी. "अदलाबदल आनि मग दोन्ही येळचं पानी तुमीच घेनार, व्हय ना?" तिचा काही विश्वास बसेना. मुली किती, शाळेत जातात का, असं अंकितानं विचारलं. एकच होती, अंगणवाडीतली, आईच्या पदराआडून आमच्याकडे बघत होती. मग अंकिता त्या बाईला हाताला धरून समाजमंदिरात घेऊन गेली, धागे दाखवले, निळं कुठे पडतं ते दाखवलं. बाईनं बराच वेळ बघितलं. जाताना म्हणाली, "मी घरातच असतो. सकाळचं चालंल. पन एकदा जरी पानी चुकलं, तर मी तुमच्या गल्लीत येऊन बसनार, सांगून ठेवतो."

साहेबांकडे गिरिजाक्का गेल्या. तिथे काय झालं ते मी बघितलं नाही, पण आवाज ऐकल्याचं लोक सांगत होते. पुढच्या पाळीपासून करून बघू, चाललं तर ठेवू, असं ठरलं.

मी नेमकी त्या पाळीच्या दिवशी परत निघणार होते. एसटीचं तिकीट काढलेलं नव्हतं, म्हणून राहिले. तिकीट काढलेलं असतं तरी राहिले असते.

संध्याकाळचं पाणी

त्या सकाळी मी दारातच बसून होते. दहा वाजून गेले. सुरेखा कारखान्यात, यंत्रावर. अंकिता शाळेत. गल्लीत नुसता खडखडाट. मागच्या गल्लीतून भांडी आपटल्याचा नि गड्यांच्या हसण्याचा आवाज येत होता.

संध्याकाळी, बायकांचं कांड्यांचं काम सुटल्यावर, पाणी आलं तेव्हा सगळी गल्ली रस्त्यावर. पहिल्या दिवशी गोंधळ व्हायचाच, झाला. कुणाची कळशी पुढे, कुणाची मागे, गिरिजाक्का मध्ये उभ्या राहून सगळ्यांना ओरडताहेत. त्या घाईत मी आपली चांगुलपणानं एक घागर उचलायला गेले नि पाय घसरून चिखलात बसले. दोन मुलींनी धरून उठवलं, सोहेल म्हणाला, "आजी, तुमी नुसतं बघायचं, म्हटलंय की मेधाताईनी." सगळी गल्ली मला हसली. मी एवढी पाहुणी, पण त्या हसण्यात मला पाहुणी कुणी ठेवली नाही.

अंकिता दप्तर टाकून घागर घेऊन पळत आली. सुरेखा तिला म्हणाली, "बघ, शिकून आलीस म्हनून पानी भरायला सुटका न्हाय."

"मग आन की कुनी नोकर!" अंकिता म्हणाली, नि दोघीही हसल्या.

मेधाला मी म्हटलं, झालं ना गं काम तुझं. ती म्हणाली, "निळ्या गाठी कमी होतील, मावशी. हिरव्या आहेतच. त्या कशाच्या, ते आता मुलं शोधणार आहेत. पाळणाघर कुठे असावं यावर भांडणं सुरू झाली आहेत." मला आमच्याकडची काजूच्या बिया फोडणारी पोरं आठवली, हात काळे झालेली. त्यांना कुणी विचारलं आहे का, की बाबांनो, शाळा कधी नि कशानं बुडते? मी तरी ऐकलं नाही. मेमध्ये आमच्या ओटीवर दोऱ्याचं रीळ घेऊन बसायचा माझा विचार आहे. बायका हसतील. हसू देत.

पण नववीचं काय, हे कुणी काढेना. सुरेखाही नाही. मला विचारायचं फार होतं, पण मी जीभ दातांखाली धरली होती.

निघायच्या आदल्या दुपारी सुरेखा माझ्याजवळ येऊन बसली. हातात घडी केलेला एक ड्रेस. नववीच्या शाळेचा, मेन रोडच्या पल्याडच्या. गिरिजाक्कांच्या नातीचा, ती दहावी होऊन पुढे गेली. सुरेखानं स्वतः जाऊन मागून आणला होता. नात अंगानं चांगली भरलेली, अंकिता ही अशी काडी.

"मेधाताई म्हनली, तुमी शिवताय. जरा बगलंत आत घ्याल का?"

अंकिताला बोलावून अंगाला लावून बघितलं. खांद्यावरून उतरत होता, कमरेला दोन अंकिता मावल्या असत्या. ती हात आडवे करून अशी ताठ उभी राहिली, जशी फोटोला. मी टाचण्या लावायला लागले, चांगला अंगाबरोबर बसवावा म्हणून. सुरेखानं माझा हात धरला.

"एवढा नगा घेऊ आत, आजी. दहावीलापन ह्योच घालायचा हाय."

मी टाचण्या काढल्या नि पुन्हा बाहेरून लावल्या. टाके मोठे घातले, उसवायला सोपे पडतील असे.